हात चांगला आहे म्हणून शाळा सोडवू का?

प्रश्न सांगलीच्या एका आईचा आहे. मुलगा तेरा वर्षांचा, इंग्रजी माध्यमात आठवीला. मार्क पन्नाशीच्या आसपास. पुस्तक धरलं की त्याला झोप येते, पण मिक्सर, सायकल, माळ्यावरचा जुना पंखा असं काहीही हाती लागलं की सुटं करून बसतो. बाबा म्हणतात कोडिंगचा क्लास लावू. आईने घरशाळेचे बरेच व्हिडिओ पाहिलेत. ‘एआयमुळे पुढे डिग्रीला काही अर्थ राहणार नाही म्हणतात. मग त्याला शाळेत कुढत कशाला ठेवायचं? सोडवू का शाळा?’

ताई, उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. यंदा शाळा सोडवू नका. कोडिंगचा क्लासही लावू नका. आठवड्यातला एक अख्खा दिवस त्याला काम करू द्या. काम असं हवं की चुकलं तर त्या वस्तूतच दिसेल. आणि त्याचं माप, हिशेब, टिपण त्याच्याच हाताने वहीत उतरलं पाहिजे. वर्षभर हे करून बघा, मग शाळेचं ठरवा.

मी पुणे-नगरच्या शिवेवरच्या एका गावात, माध्यमिक शाळेत सव्वीस वर्षं निदेशक, म्हणजे हातकाम शिकवणारा मास्तर आहे. आठवी ते दहावीची मुलंमुली आठवड्यातून एक दिवस माझ्याकडे असतात. एक पत्र्याची शेड, वेल्डिंग मशीन, पन्नास-साठ कोंबड्या, चार वाफे, एक स्वयंपाकाची खोली आणि रक्तगट तपासायचं थोडं साहित्य, एवढा आमचा पसारा. ही पद्धत माझी नव्हे, पाबळची.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानात पीएचडी करून आलेला, हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन विभागात अनेक वर्षं काढलेला हा माणूस पन्नाशी उलटल्यावर मुंबई सोडून एका अवर्षणग्रस्त गावात येऊन बसला. शाळेत न टिकलेल्या मुलांसाठी त्यांनी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम काढला आणि शाळेत असलेल्यांसाठी आठवड्यातून एक दिवसाचा. या दुसऱ्याचं नाव ‘इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी’. आम्ही सगळे आयबीटीच म्हणतो. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग. प्रत्येक मुलाने चारही करायचे. मुलगा आहे म्हणून नुसतं वेल्डिंग नाही आणि मुलगी आहे म्हणून नुसती चिक्की नाही. पाबळच्या मुलांनी घुमटाच्या आकाराची घरं बांधली, विहिरीची जागा बघायला जमिनीची विद्युतरोधकता मोजली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर ज्या पहिल्या काही फॅब लॅब (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर वस्तू बनवायच्या कार्यशाळा) उभ्या राहिल्या, त्यातली एक २००२ च्या सुमारास या गावात आली.

कलबाग सरांचा आग्रह असा की काम गावाला लागणारं असावं आणि गावाने त्याचे पैसे द्यावेत. मला सुरुवातीला यात धंद्याचा वास यायचा. मग लक्षात आलं की पैसे दिलेला माणूस तक्रार करतो, आणि तक्रार करणारा माणूस हा परीक्षेच्या तपासनिसापेक्षा चांगला परीक्षक असतो. कार्यानुभवाच्या तासाला मुलं क्रेप कागदाची फुलं करतात, किंवा खरं सांगायचं तर प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आईवडील दुकानातून तयार ज्वालामुखी आणतात. त्या ज्वालामुखीबद्दल आजवर कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

आता पाइपाची गोष्ट. आमच्याकडे दरवर्षी ही होते आणि मी ती होऊ देतो.

बाकांसाठी पाय कापायचे असतात. पाऊण मीटरचे, म्हणजे ७५० मिलिमीटरचे. चौकोनी पाइप सहा मीटरचा येतो. मुलांना विचारतो, एका पाइपात किती पाय निघतील? पाचवीतला भागाकार आहे, सगळे ओरडतात, आठ. बरं, कापा. सातवा तुकडा कापून झाला की हातात जो आठवा उरतो, तो ७२९ भरतो. दोन सेंटिमीटर गेले कुठे? एकमेकांवर आळ घेतला जातो, टेप बदलून पाहतात. मग कुणीतरी खाली पडलेला भुसा बघतं. कटिंग व्हीलची जाडी तीन मिलिमीटर. प्रत्येक कापाला तेवढं लोखंड ठिणग्या होऊन उडून जातं. सात काप, एकवीस मिलिमीटर. (पाइप गिरणीतून कधी चार बोटं जास्त येतो आणि मग माझ्या धड्याचा पचका होतो, तो भाग वेगळा.)

इथे थांबलं तर ती नुसती एक गंमत. आम्ही पुढे विचारतो की आता काय करायचं? एक गट म्हणतो नवा पाइप आणा. एक म्हणतो आखूड पायाखाली लाकडाचा तुकडा ठोका. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, ‘सर, दुसऱ्या पाइपाचे सगळेच पाय ७४७ चे कापू. बाकाला तीन मिलिमीटरने काय फरक पडतो?’ हिशेब केला. आठ गुणिले ७४७ म्हणजे ५९७६, अधिक एकवीस, ५९९७. सहा मीटरच्या पाइपात तीन मिलिमीटर उरवून तिने काम बसवलं. माप कुठे काटेकोर धरायचं आणि कुठे सोडायचं, हे तिला त्या सकाळी कळलं. वार्षिक परीक्षेत गणितात तिला पस्तीसच्या आसपास मार्क होते.

तुमच्या मुलाबद्दल वाचलं तेव्हा मला ती आठवली. पण लगेच दुसरीही एक गोष्ट आठवली आणि ती माझ्या चुकीची आहे.

सुरुवातीची सहा-सात वर्षं मी वर्कशॉप झकास चालवलं. शाळेचे बाक, गावातली फाटकं, ग्रामपंचायतीच्या कचराकुंड्या, सगळं मुलांनी केलं. पोरं वेल्डिंगला तयार झाली. पाहुणे यायचे, फोटो काढायचे. एकदा एक जुने शिक्षकमित्र आले आणि नुकतंच एक फाटक पुरं केलेल्या नववीच्या मुलाला त्यांनी सहज विचारलं, ‘याला रंग किती लागेल रे?’ तो माझ्याकडे बघायला लागला. क्षेत्रफळ काढायचं त्याला सुचलंच नाही. त्याला फाटक येत होतं आणि भूमितीच्या पेपरात क्षेत्रफळही थोडंफार येत होतं, पण ही दोन्ही एकाच गावची आहेत हे त्याला माहीत नव्हतं. कारण माप मी काढून देत होतो, खुणा मी करत होतो, तो टॅक (वेल्डिंगचे ठिपके) मारत होता. मी निदेशक नव्हतो, कंत्राटदार होतो आणि ती बिनपगारी मजुरी होती. मित्र काही बोलले नाहीत, चहा पिऊन गेले. त्या रात्री झोप आली नाही, एवढंच सांगतो.

त्यानंतर नियम केला. वहीत चित्र, माप, लागणारा माल आणि अंदाजी खर्च लिहिल्याशिवाय पाइपाला हात लावायचा नाही. काम झाल्यावर प्रत्यक्ष किती माल लागला, किती वाया गेला, मजुरी आणि हत्यारांचा घसारा धरून वस्तू कितीला पडली, हे त्याच पानावर. अंदाज आणि प्रत्यक्ष यातला फरक का पडला, ते दोन ओळीत. या दोन ओळी लिहून घेणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात जिकिरीचं काम आहे. मुलं वेल्डिंग दिवसभर करतील, दोन ओळी लिहायच्या म्हटल्या की लघवीला जातात. पण शिकणं त्या दोन ओळींतच होतं, असं माझं पक्कं मत झालंय.

‘असर’ या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीचा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वर्षांच्या ग्रामीण मुलांवर होता, २८ जिल्ह्यांतला. त्यात एक साधा प्रश्न होता. पट्टीवर वस्तू शून्यापासून ठेवली तर लांबी सांगा. सुमारे ८५ टक्के मुलांना आली. तीच वस्तू शून्य सोडून पुढे सरकवली, तर आकडा ३९ टक्क्यांवर आला. अहवाल वाचून लोक हळहळले, मी मात्र हसलो, कारण आमच्या शेडमध्ये हा पहिल्या आठवड्याचा धडा आहे. टेपच्या टोकाची पट्टी कायम ढिली झालेली असते, म्हणून फॅब्रिकेशनवाले आणि सुतार ‘दहा सोडून’ माप घेतात. म्हणजे दहावर धरायचं आणि पंच्याऐंशीवर खूण करायची, तुकडा पंचाहत्तरचा. प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी दहावर धरून पंचाहत्तरलाच खूण करतं आणि दहा सेंटिमीटर आखूड तुकडा हातात येतो. लांब झाला असता तर कापता आला असता, आखूड झालेला वाढवता येत नाही. ती चूक तो मुलगा जन्मात परत करत नाही, आणि मला लाल शाईची गरज पडत नाही.

त्याच अहवालात निम्म्याहून जास्त मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं नव्हतं. तेव्हा शाळेत शिकणं होत नाही ही तुमची तक्रार खोटी नाही. मात्र शाळेबाहेर ते आपोआप होतं, ही समजूतही तितकीच कच्ची आहे. गॅरेजमध्ये दहा वर्षं घालवलेला माणूस उत्तम मेकॅनिक असतो, पण गिअरचे दात मोजून फेरे काढायला सांगा, दहातले आठ हात वर करतील. काम आणि हिशेब एकमेकांना भेटवावे लागतात. कुणीतरी मुद्दाम बसून भेटवावे लागतात.

हे शंभरेक वर्षांत आपल्याकडे पुन्हा पुन्हा अडखळलंय. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम केला. तीच नई तालीम. सेवाग्रामला आर्यनायकम् पतिपत्नींनी ती मनापासून चालवली. कल्पना अशी की टकळीवर सूत काढताना कापसाची शेती, सुताची लांबी-वजनं, कापडाचा व्यापार, इंग्रजांचा इतिहास, सगळं त्या धाग्याने ओवलं जावं. पुढे बऱ्याच शाळांत उरला तो कताईचा तास. गुरुजी घड्याळ लावून बसायचे, मुलं टकळी फिरवायची, घंटा झाली की टकळी पेटीत आणि गणिताचं पुस्तक बाहेर. ओवायचं काम गुरुजींना कुणी शिकवलंच नव्हतं. माझ्या फाटकासारखंच.

दुसरं एक कारण होतं आणि ते जास्त खोल आहे. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या चामडं, माती, झाडू हातात धरला, त्या घरातल्या बापाला तुम्ही सांगता की तुमच्या मुलाला शाळेत आम्ही हातकाम शिकवू. तो म्हणणार, ते मी घरी शिकवीन, शाळेत मला वकील-साहेब करून द्या. त्याचं काय चुकलं? आंबेडकरांच्या ‘शिका’मध्ये कागद, पेन आणि पदवी होती, कारण जातीने नेमून दिलेल्या कामातून सुटायचा तोच दरवाजा होता. माझ्याकडे पहिल्या वर्षी एका आजोबांनी येऊन स्पष्ट सांगितलं होतं, ‘आमच्या नातवाला घमेलं उचलायला लावू नका.’ त्या वर्षापासून घमेलं सगळे उचलतात, पाटलाचा मुलगाही, सरपंचाची मुलगीही, आणि वहीचा नियम झाल्यापासून हिशेबाची वहीही सगळेच लिहितात. आजोबांचा नातू पुढे सिव्हिलचा डिप्लोमा करून साइटवर लागला.

म्हणून ‘डिग्रीला काही अर्थ नाही’ हे वाक्य ऐकलं की मी आधी बघतो, बोलतंय कोण. बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या भिंतीवर दोन पदव्या लटकलेल्या असतात.

महाराष्ट्रात ‘वेगळी शाळा’ मुळात कुणासाठी सुरू झाली तेही बघा. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं, पुढे त्या आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी मुलं गुरांमागे जात, शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हा शब्दच किती नेमका आहे! कर्मवीरांच्या रयतमधली ‘कमवा आणि शिका’ योजनाही ज्यांना फी परवडत नव्हती त्यांच्यासाठी. शाळा ज्यांच्यापर्यंत पोचत नव्हती, त्यांच्यासाठी ही माणसं दुसरी वाट काढत होती. आज शहरात पर्यायी शिक्षण म्हणजे ज्यांना सगळ्या वाटा खुल्या आहेत त्यांनी निवडलेली आणखी एक वाट. त्यात वाईट काही नाही. फक्त तशा घरातल्या मुलाचं फसलं तर त्याला सावरायला काका, मामा, भांडवल असतं. तुमच्याकडे ते किती आहे, याचा विचार तुमचा तुम्ही करा. मला उत्तर द्यायची गरज नाही.

कागदपत्रांचं उरकून घेतो, कारण व्हिडिओत याचंच फार गूढ केलेलं असतं. घरशाळेला आपल्या कायद्यात सरळ मनाई नाही आणि सरळ मान्यताही नाही. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी आणि आठवीपर्यंत आहे. मधे शाळा सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्गात बसवून घेण्याची तरतूद त्यात आहे, पण तुमचा मुलगा यंदाच आठवीत आहे, त्यामुळे ते छत्र लवकरच संपतंय. दहावी बाहेरून द्यायचे मार्ग आहेत. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म तुम्ही ऐकला असेल. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, एनआयओएसची दहावी वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, पाच विषय लागतात, पाच वर्षांत नऊ वेळा संधी मिळते आणि मराठीतूनही देता येते. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. एनआयओएसला गणित न घेताही दहावी होता येतं आणि इथे बरेच पालक मोहात पडतात. तुमच्या मुलाचा ओढा यंत्रांकडे आहे, त्याच्यासाठी हा मोह महागात पडेल. गणित आणि विज्ञान सोडू देऊ नका.

दहावीचा कागद मात्र हवाच. आमच्याच गावातली गोष्ट. एका मुलाचं मी वर्गात भरपूर कौतुक केलं, वडिलांना म्हणालो याचा हात फार चांगला आहे. त्यांनी ते शब्दशः घेतलं आणि नववीतून काढून त्याला गॅरेजला लावलं. दोन वर्षांनी त्याला आयटीआयला जायचं होतं. वेल्डर, वायरमन, प्लंबर अशा काही ट्रेडना आठवी पास चालतं, त्याला हवा होता फिटर, त्याला दहावी लागते. मग १७ नंबर, दिवसभर गॅरेज, रात्री अभ्यास, दुसऱ्या खेपेला पास. सुटला एकदाचा, पण तीन वर्षं गेली. ‘हात चांगला आहे’ हे वाक्य मी तेव्हापासून पालकांसमोर उच्चारत नाही. आपल्याकडे ते कौतुक नसतं, निकाल असतो. पुढचं न बोललेलं अर्धं वाक्य असतं की डोकं बेताचं आहे.

आता तुमच्या घरी काय करायचं.

रविवार मोकळा ठेवा, ट्यूशन असेल तर हलवा. वर्षात सहा-आठ कामं पुरेत, रोज नवं काहीतरी नको. कामं तुमच्या घराला किंवा शेजाऱ्याला लागणारी असावीत: बंद पडलेला मिक्सर, गळका नळ, बाल्कनीतलं कपडे वाळवायचं स्टँड, सायकलचं पूर्ण ओव्हरहॉलिंग, आजीच्या खोलीत दुतर्फा स्विच. शेजाऱ्याकडून पैसे घ्यायला लाजू देऊ नका, दहा-वीस रुपये का होईना. एक दोनशे पानी वही, आखीव नको, कोरी. डावीकडे चित्र आणि माप, उजवीकडे माल, किंमत, लागलेला वेळ. सुटं करण्याआधीचं चित्र सक्तीचं. सुटं करणारी मुलं हुशार असतात, पण अर्धी वस्तू परत जोडत नाहीत. चित्र काढलेलं असलं की जोडतात.

हिशेबात मजुरी धरायला लावा. आमच्याकडे ब्रॉयलरच्या बॅचचं रजिस्टर लिहिताना नववीतल्या एका मुलीने विचारलं होतं, ‘सर, घरी शेळ्या आई बघते, तिची मजुरी कुठे धरतात?’ मी म्हणालो, तूच धरून बघ. तिने महिनाभर तास मोजले. शेळीपालनात नफा आहे असं समजणाऱ्या तिच्या वडिलांशी त्यावरून घरी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण पुढच्या महिन्यात ते मला टाळत होते.

एक गोष्ट भाषेची. मुलगा इंग्रजी माध्यमात आहे, म्हणजे ‘फ्रिक्शन’ची व्याख्या त्याला पाठ असेल. सायकलचा ब्रेक घासतो तेव्हा काय होतं ते त्याला मराठीत सलग पाच वाक्यांत सांगता येतं का बघा. माझा अंदाज, पहिल्या दिवशी येणार नाही. वही मराठीत लिहू द्या, तुमच्या घरातल्या मराठीत. शब्द अडला तर रिम रिमच राहू दे, स्पोक स्पोकच राहू दे, पण वाक्य त्याचं हवं. महिन्याभराने त्यातलंच एक पान इंग्रजीत लिहायला सांगा. हा व्यायाम कुठल्याही स्पोकन इंग्लिशच्या क्लासपेक्षा बरा.

आणि कामातून निघालेला प्रश्न त्याच्या पाठ्यपुस्तकात शोधा. हे तुमचं काम, त्याचं नव्हे. उदाहरण देतो. आमच्या मुलांनी एकदा कट्ट्यासाठी दहा फूट बाय तीन फूट, चार इंच जाडीचा काँक्रीटचा स्लॅब टाकायचं ठरवलं. घनफळ दहा घनफूट, म्हणून सिमेंट, वाळू, खडी मिळून दहा घनफूट माल एकास दोनास चार प्रमाणात काढला. कालवल्यावर तो साडेसहाच्या आसपासच भरला. वाळू चोरीला गेली का, इथपर्यंत चर्चा झाली. मग एका डब्यात काठोकाठ खडी भरली आणि विचारलं, डबा भरलाय ना? त्यात वाळू ओतली, मावली. मग पाणी ओतलं, तेही मावलं. गवंडी जो दीडपट कोरडा माल धरतो तो याचसाठी. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी पुस्तकातला पदार्थाच्या कणांमधल्या पोकळीचा धडा तिथूनच उचलला. बाई उत्साही होत्या म्हणून झालं. दर वेळी होत नाही. तुमच्या घरी ते तुम्हाला करावं लागेल आणि त्यासाठी आठवीचं विज्ञान पुन्हा वाचावं लागेल. कंटाळा करू नका, आता ते तेव्हापेक्षा सोपं वाटतं.

एआयचं. त्याची भीती नको आणि आरतीही नको. आमची मुलं वापरतात, मी अडवत नाही. टेबलाला किती लोखंड लागेल असं विचारलं की दोन सेकंदात यादी येते, बहुतेक वेळा बरी असते. गेल्या वर्षी मी मुद्दाम तोच प्रश्न फोनला विचारायला लावला, सहा मीटरच्या पाइपात ७५० चे तुकडे किती? उत्तर आलं आठ. ज्या मुलांनी आधी पाइप कापला होता ती म्हणाली, ‘व्हीलची जाडी सांग त्याला.’ सांगितल्यावर उत्तर बदललं, सात. ज्यांनी कापला नव्हता त्यांनी आठ लिहून घेतलं आणि पुढे गेली. दोन्ही गटांकडे फोन तोच होता. तुमच्या मुलाला कोडिंग पुढे लागलं तर तो शिकेल, आणि सायकलच्या चाकाचे फेरे मोजणारं छोटं सर्किट करायची वेळ येईल तेव्हा हट्टाने शिकेल. आज क्लास लावला तर आणखी एक वही भरेल.

नव्या शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे जाऊन शिकायची सूचना आहे. कल्पना चांगली. पण कुंभाराकडे एक दिवस जाऊन चाक फिरवून आलं तर ती सहल झाली. त्याच्या शाळेत हे होत असेल तर शिक्षकांना विनंती करा की दहा दिवस दहा ठिकाणी नकोत, एकाच ठिकाणी काढू द्या. ऐकतीलच असं नाही.

शाळा खरंच सोडवावी अशी वेळ नसते का? असते. मुलगा सकाळी पोट दुखतं म्हणून रडत असेल, शाळेत कुणी मारत किंवा चिडवत असेल, किंवा वाचताना अक्षरं उलटसुलट होत असतील आणि शाळा ते मान्य करत नसेल, तर वर्ष संपायची वाट बघू नका. शेवटच्या बाबतीत आधी शिकण्याच्या अडचणींची रीतसर तपासणी करून घ्या. पुस्तक धरलं की झोप येते असं तुम्ही लिहिलंय, ते मला थोडं खटकलंय. डोळेही तपासा. माझ्याकडे ‘आळशी’ म्हणून आलेल्या तीन मुलांना शेवटी चष्मा लागला होता.

आणि तो घरी राहिला तर दिवसभर त्याच्यासोबत कोण असणार, हे आधी ठरवा. घरशाळा यशस्वी झालेली जी चार-पाच घरं मी जवळून पाहिलीत, तिथे एक मोठं माणूस पूर्ण वेळ मुलासोबत होतं, आणि ते माणूस एक घर सोडता सगळीकडे आई होती. तिच्या नोकरीचा हिशेब कुणी वहीत लिहिला नव्हता.

या रविवारी मिक्सरपासून सुरुवात करा. उघडण्याआधी तो उलटा करून तळाचं लाल बटण दाबून बघू द्या. जास्त भार आला की ते उडतं, आणि कित्येक घरं तेवढ्यासाठी दुरुस्तीवाल्याला पैसे देतात. त्याने नाही भागलं तर प्लग काढलाय ना हे तुम्ही स्वतः बघा, चित्र काढू द्या, मग स्क्रू. आत मोटरच्या दोन बाजूंना कार्बन ब्रश असतात, झिजलेले असतील तर जुने घेऊन दुकानात जायचं, तसेच आणायचे. पंखा, सायकल, इस्त्री चालेल. मायक्रोवेव्हला मात्र प्लग काढलेला असला तरी हात लावू देऊ नका, त्यातला कपॅसिटर नंतरही धक्का देतो आणि तो धक्का जिवावर बेतणारा असतो. वहीचं पहिलं पान झालं की फोटो पाठवा. चित्र वेडंवाकडं असेल, असू दे, मापं लिहिलीत का एवढं मी बघेन.